दाराआडून ऐकलेलं: ‘माय मिस्टर’मधल्या त्या दोघांचं नेमकं काय होतं?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही आणि तुमच्या जाऊबाई, दोघींनी ‘माय मिस्टर’ ही कोरियन मालिका एकत्र पाहिली. तुमचं म्हणणं, त्यातल्या तरुण जी-आनचं मध्यमवयीन, संसारी दोंग-हूनवर प्रेम होतं, त्याचं तिच्यावर नव्हतं. जाऊबाईंचं म्हणणं, त्याचंही होतं, पण कबूल करायची धमक नव्हती. बायकोचं प्रकरण कळूनही हा माणूस इतके दिवस गप्प कसा बसतो, यावर दोघींचं वाजलं. सासूबाईंनी नुसती गोष्ट ऐकून निकाल दिला: ‘पोरगी भाळली होती आणि त्याला ते कळत होतं.’ जाता जाता ‘रिप्लाय 1988’ या दुसऱ्या कोरियन मालिकेतल्या जंग-ह्वानवर अन्याय झाला का, हेही विचारलंत.

मी गेली अठरा वर्षं मराठी मालिकांचे संवाद लिहिते, अधूनमधून पटकथाही. कोरियन मालिकांच्या नादाने चार वर्षं संध्याकाळचे वर्ग करून ती भाषा शिकले. अस्खलित बोलत नाही, पण संवाद कानाने कळतो. पुढे दोन्ही मालिकांचे शेवट उघडे करणार आहे. ज्यांना पाहायच्या असतील त्यांनी इथेच थांबावं.

पात्राच्या हेतूवर वाद घालण्यात अर्थ केव्हा असतो, हे आधी सांगायला हवं, कारण दर वेळी तो नसतो. माझ्याच एका मालिकेत धाकटा मुलगा अचानक घर सोडून बंगळुरूला निघून गेला. प्रेक्षकांनी त्यावर महिनाभर काथ्याकूट केला. वडिलांचा अपमान जिव्हारी लागला म्हणून गेला, वहिनीवरचं मन लपवायला गेला, असे एकाहून एक सुंदर तर्क. खरं कारण असं की त्या नटाने दुसरीकडे तारखा दिल्या होत्या. मला एका रात्रीत तो प्रवेश लिहावा लागला आणि मी ‘मला थोडा वेळ हवाय’ एवढंच त्याच्या तोंडी घातलं. त्या चार शब्दांत लोकांनी जे वाचलं ते मी लिहिलेलंच नव्हतं. आमच्याकडे कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, वर वाहिनीची माणसं आणि दर आठवड्याचे आकडे. अशा ठिकाणी पात्राचा हेतू शोधणं म्हणजे खिचडीत नेमका कुठला तांदूळ कुणाच्या शेतातला ते शोधणं.

‘माय मिस्टर’चं तसं नाही. मार्च ते मे 2018 मध्ये टीव्हीएन वाहिनीवर आठवड्याला दोन याप्रमाणे सोळा भाग दाखवले गेले. ते सोळाच्या सोळा पार्क हे-यंग या एकाच बाईंनी लिहिले, आणि दिग्दर्शनही किम वन-सक या एकाच माणसाचं. पुढच्या वर्षी बेकसांग पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मालिका आणि सर्वोत्कृष्ट पटकथा हे दोन्ही मान तिला मिळाले. इथे पहिल्या भागात खाली पडलेली टाचणी सोळाव्या भागात कुणाच्या तरी पायाला टोचते. त्यामुळे तुम्ही दोघी भांडलात ते वाया गेलेलं नाही.

आता माझी पद्धत. ‘त्याचं प्रेम होतं का’ या प्रश्नापासून मी कधीच सुरुवात करत नाही. लिहिताना आम्ही भिंतीवर एक तक्ता लावतो. वर आडवे भाग, बाजूला उभी पात्रं, आणि प्रत्येक चौकोनात एकच गोष्ट: या क्षणी याला काय माहीत आहे. तक्ता चुकला की नट सेटवरून फोन करतो, ‘अहो ताई, मला हे गेल्या आठवड्यातच कळलंय ना, मग मी आज का दचकतोय?’ भावना नट सांभाळून घेतो. कोणाला काय माहीत आहे, हे मात्र लेखकालाच सांभाळावं लागतं. वाद सोडवतानाही हाच तक्ता कामाला येतो: त्या क्षणी त्या माणसाला काय ठाऊक होतं आणि काय गमवायचं होतं. एवढं लिहून काढलं की निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

‘माय मिस्टर’चा तक्ता तर फारच चमत्कारिक आहे. पार्क दोंग-हून पंचेचाळिशीचा स्थापत्य अभियंता, इमारतींची सुरक्षा तपासणाऱ्या विभागात. ली जी-आन एकवीस वर्षांची, त्याच कार्यालयात हंगामी नोकरी करणारी. डोक्यावर सावकाराचं कर्ज, घरी मूकबधिर, अंथरुणाला खिळलेली आजी. ऑफिसातल्या झटपट कॉफीच्या पुड्या खिशात टाकून घरी न्यायच्या आणि त्यांवर रात्र काढायची, असं तिचं जगणं. एका लाचेचं पाकीट चुकून दोंग-हूनच्या टेबलावर येतं, ती ते पाहते आणि चोरते. पुढे कंपनीच्या तरुण प्रमुखाशी तिचा सौदा ठरतो: दोंग-हूनला नोकरीतून घालवायचं, बदल्यात पैसे. त्यासाठी ती त्याच्या फोनमध्ये एक ॲप टाकते. आता त्याचा दिवसभराचा प्रत्येक आवाज तिच्या कानात: भावांशी गप्पा, आईशी बोलणं, दारूच्या गुत्त्यातली बडबड, रात्री एकट्याने घरी चालतानाची पावलं. आणि हा तरुण प्रमुख म्हणजे दोंग-हूनच्या बायकोचा, यून-हीचा, प्रियकर. म्हणजे नवऱ्याला कळायच्या आधी हे त्या हंगामी पोरीला कळलेलं असतं.

इथे मला धंद्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या मालिकांचा अर्धा डोलारा दाराआडून ऐकण्यावर उभा असतो. सून चहाचा ट्रे घेऊन येते, आत सासू बोलत असते, सून थबकते, कप किणकिणतात. आणि दाराआडचं पात्र नेहमी अर्धवटच ऐकतं. ‘मला ती या घरात नकोच आहे’ एवढं ऐकलं की रडत पळत सुटतं, ‘...असं मी आधी म्हणायचे’ हे पुढचं ऐकायला थांबत नाही. त्यातून गैरसमज, त्यातून साठ भाग. मी स्वतः असे किती लिहिले, मोजदाद नाही. पार्क हे-यंगबाईंनी हीच शिळी युक्ती उचलली आणि उलटी केली. त्यांची दाराआडची मुलगी अर्धवट ऐकत नाही. ती सगळं ऐकते, आठवडेच्या आठवडे ऐकते. एक वाक्य ऐकून गैरसमज होतो. सलग महिना ऐकलं की माणूस कळतो. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून बराच वेळ गॅलरीत उभी होते. हेवा, दुसरं काही नाही.

म्हणूनच नवव्या भागातला तो प्रसंग सगळ्याचा कणा आहे. जी-आनला मारहाण करणाऱ्या सावकाराकडे, ग्वांग-इलकडे, दोंग-हून जातो. मारामारी होते. पोरीला छळतोस का, असं हा विचारतो, तेव्हा तो ओरडतो की तिने माझ्या बापाला मारलंय. (आजीला मारहाण होत होती, तेव्हा लहानग्या जी-आनच्या हातून ते घडलेलं असतं, कायद्यानेही तो स्वसंरक्षणाचाच प्रकार ठरलेला.) त्यावर दोंग-हून ओरडतो तो आशय असा: मीही मारलं असतं, माझ्या घरच्यांवर हात टाकणाऱ्या कुणालाही मी जिता सोडला नसता. दूर रस्त्यावर कानात इअरफोन घातलेली जी-आन हे ऐकते आणि उभ्या जागी कोसळून रडते.

‘आता तिला प्रेम झालं’ असा या रडण्याचा अर्थ बरेच जण काढतात. तक्ता पाहा. ती ऐकतेय हे दोंग-हूनला माहीत नाही. तिला बरं वाटावं म्हणून बोललेलं हे वाक्य नव्हे. तिची पाठ वळलेली असताना, मार खात खात, एका गुंडासमोर तो बोलला. तोंडावर केलेलं कौतुक खरं की खोटं, हा संशय गरिबीत वाढलेल्या माणसाला कायम असतो. चोरून ऐकलेल्या कौतुकावर मात्र संशय घेताच येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या बाजूने दिलेली साक्ष तिने ऐकली, तीही साक्षीदाराला नकळत. ‘बिचारी पोर’ असं तो म्हणत नाही. तिच्या जागी तो स्वतःला उभं करतो. दया आणि हे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पुढे तीच त्याला आपला हिशेब सांगते, तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. मला मदत करणारे बरेच भेटले, म्हणते. कुणी तांदूळ दिले, कुणी भाजी. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. चार वेळा झालं की सगळे पळतात. त्यावर दोंग-हून म्हणतो की एकदाही न करणारे ढीगभर असतात, चार वेळा म्हणजे खूप झालं. मदत न करणाऱ्यांचीही बाजू घेणारा हा माणूस! आणि मग तो पाचव्यांदा करतो, सहाव्यांदा करतो.

तुमच्या जाऊबाईंच्या म्हणण्याकडे येते. त्याचं प्रेम होतं का? तो काय करतो ते पाहा. फी थकल्यामुळे तिने आजीला शुश्रूषागृहातून रात्री खाटेसकट गुपचूप पळवलेलं असतं. कागदोपत्री आजी वेगळी दाखवली तर सरकारी सोय फुकट मिळते, हे दोंग-हून तिला सांगतो, आणि आजवर कुणी तिला हे सांगितलंच नाही याचं त्याला आश्चर्य वाटतं. माझ्या मते सोळा भागांतला सगळ्यात कोमल प्रसंग हा. ना पाऊस, ना छत्री, ना मंद संगीत. एक सरकारी नियम. आजीला चंद्र दाखवायला जी-आन तिला सुपरमार्केटच्या ट्रॉलीत घालून निघते, तेव्हा चढावर तिला पाठीवर घेणाराही तोच. यात पुरुषाने बाईला जिंकायचं म्हणून केलेलं एकही काम नाही. पण पन्नाशीकडे झुकलेल्या, घरात एकट्या पडलेल्या माणसाला आपली कुणीतरी दखल घेतंय याची ऊब लागली नसेल, असं मी म्हणणार नाही. लागली. त्याला कळलीही, सासूबाई तिथे चुकलेल्या नाहीत. कळल्यावर त्याने काय केलं, एवढंच लेखिका दाखवते: तो तिच्यापासून पळाला नाही आणि तिच्याकडे सरकलाही नाही. जाऊबाई याला धमक नसणं म्हणतात. मला वाटतं पळून जाणं सोपं होतं, सरकणंही सोपं होतं.

मालिकेचं मूळ नाव ‘नाए आजोशी’, म्हणजे ‘माझा आजोशी’. आजोशी म्हणजे कुठलाही मध्यमवयीन अनोळखी पुरुष. आपण रिक्षावाल्याला ‘काका’ म्हणतो ना, बरोबर तसं. इंग्रजीत त्याचं ‘मिस्टर’ झालं आणि काकाचा पार साहेब झाला. मराठी बाईच्या कानाला ‘माझे काका’ हे नाव लावून पाहा. तुमच्या दोघींच्या वादाचा सूरच बदलेल. अर्थात कोरियातही या नावावरून प्रक्षेपणाआधीच टीका झाली होती. आययू आणि ली सन-ग्युन या कलाकारांच्या वयात अठरा वर्षांचं अंतर, पात्रांत त्याहून जास्त, आणि त्याच जानेवारीत तिथे मी-टू चळवळ पेटलेली. म्हातारा होत चाललेल्या पुरुषाच्या स्वप्नरंजनावर मुलामा चढवताय का, असं लोकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. पुढे मालिकेने त्याला उत्तर दिलं हे माझं मत. न पटणारेही आहेत आणि त्यांच्याशी मी भांडत नाही. डिसेंबर 2023 मध्ये ली सन-ग्युन गेला. तेव्हापासून ही मालिका नव्याने पाहणाऱ्यांना दोंग-हूनच्या थकलेल्या खांद्यांत नटाचं दुःख दिसतं. ते स्वाभाविक आहे, पण 2018 मध्ये ते खांदे अभिनयाचे होते. वाद घालताना दोन्ही एकत्र करू नका.

गप्प का बसतो, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण त्याचं उत्तर तक्त्यातच आहे. बायकोचं प्रकरण कळल्यावर दोंग-हून प्रमुखाला गाठतो आणि सांगतो: हे संपव, आणि मला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस. आपल्याकडच्या प्रेक्षकाला हे षंढपण वाटतं. आमच्या मालिकेत तर याच जागी कानशिलात बसते, तीन वेळा, तीन कोनांतून. पण या माणसाचा जगण्याचा एक नियमच आहे आणि तो जी-आनला बोलूनही दाखवतो: कुणालाच कळलं नाही तर काही घडलेलंच नाही. म्हातारी आई, नोकरी गेलेला थोरला भाऊ, फसलेला दिग्दर्शक धाकटा भाऊ, परदेशात शिकणारा मुलगा. घरात एकटा नीट कमावता हाच. हे उघडं पडलं तर कोणकोण कोसळेल, याचा हिशेब इमारतींचा भार मोजणारा अभियंता करतोच. प्रत्येक इमारत म्हणजे बाहेरून येणारा जोर आणि आतली ताकद यांची झुंज, असं तोच एका ठिकाणी म्हणतो. तो स्वतःची ताकद लावून सगळ्यांचं छत धरून उभा आहे. आपण चार लोकांत शोभा नको म्हणतो ते यापेक्षा फार वेगळं नाही.

पण लेखिका त्याला निर्दोष सोडत नाही, आणि इथे मी तुमच्याशी सहमत आहे. हा गप्पपणा यून-हीवरही अन्यायच आहे. नवऱ्याला सगळं माहीत आहे आणि तो रोज घरी येताना ‘काही आणू का’ म्हणून फोन करतो, हे तिला उमगतं तेव्हा तिचा चेहरा पाहा. शिक्षा झाली असती तर ती सुटली असती. शेवटी बांध फुटतो तेव्हा दोंग-हून म्हणतो की ज्या क्षणी तू त्या माणसाकडे गेलीस, त्या क्षणी माझ्या जगण्याला काही किंमत नाही असा निकालच दिलास. हे बोलायला त्याला इतके भाग लागले. ‘माफ केलं’ असं जाऊबाई म्हणतात, ते मला नाही दिसलं. यून-ही मुलाकडे अमेरिकेला जाते, आणि रिकाम्या घरात एकटा जेवता जेवता तो हमसून रडतो. माफी झाली असती तर ते ताट एकट्याचं नसतं.

आता तक्त्यातला शेवटचा चौकोन. फोनमध्ये ॲप आहे हे दोंग-हूनला कळतं. आपला संसार, आपला अपमान, आपलं रडणं, सगळं एका परक्या मुलीने ऐकलंय. अशा वेळी माणूस काय करेल? तो फोन तोंडाजवळ धरतो आणि बोलतो: ली जी-आन, फोन कर. इतके दिवस चोरवाट असलेली गोष्ट त्याने सरळ रस्ता म्हणून वापरली. ती भेटल्यावर विचारते, राग नाही आला? तो म्हणतो त्याचा भावार्थ असा: माणूस एकदा कळला की त्याने काय केलं याने फरक पडत नाही, आणि मला तू कळली आहेस. ती म्हणते, तुमचे सगळे आवाज मला आवडले; बोलणं, विचार, पावलांचा आवाज. माणूस म्हणजे काय ते पहिल्यांदा पाहिल्यासारखं वाटलं. आता याला तुम्ही दोघी काय नाव देणार? कोरियनमध्ये ‘आवडणं’ आणि ‘प्रेम’ यांना वेगवेगळे शब्द आहेत आणि ती आवडण्याचाच वापरते. मला विचाराल तर नातं आहे ते कळण्याचं. तिने त्याला ऐकून ओळखलं, त्याने तिला न ऐकता ओळखलं. प्रेमाच्या चौकटीत बसवलंत तर मोडणार नाही, पण काही भाग बाहेर लोंबेल.

सबटायटल्सबद्दल थोडंसं, कारण निम्मे वाद तिथे जन्मतात. सुरुवातीला जी-आन दोंग-हूनला जेवण मागते, ते इंग्रजीत सरळ आज्ञार्थी उतरतं आणि पोर उद्धट वाटते. कोरियनमध्ये वाक्याच्या शेवटी ‘-ज्यो’ आहे. वरकरणी आदरार्थी, आत खोचक. मराठीत ‘जेवायला घाला की’ यातला ‘की’ तेच काम करतो. आपल्याकडे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहेत, कोरियन माणूस ते क्रियापदाच्या शेपटीला लावतो. इंग्रजीला दोन्ही नाहीत. आणखी एक उदाहरण: 2018 चीच ‘समथिंग इन द रेन’. तिच्या मूळ नावाचा अर्थ ‘मस्त जेवू घालणारी सुंदर नूना’. नूना म्हणजे मुलाने मोठ्या बहिणीला किंवा तशा वयाच्या बाईला मारायची हाक. अख्ख्या मालिकेचं दुखणं त्या एका हाकेत होतं, आणि भाषांतरात नुसता पाऊस उरला. तेव्हा एखादं पात्र तुम्हाला विनाकारण तुटक किंवा विनाकारण लाडिक वाटलं, तर दोष पात्राचा की इंग्रजीचा, हे कान देऊन ऐका. हाका ओळखायला फार कोरियन लागत नाही.

‘रिप्लाय 1988’चं थोडक्यात सांगते, कारण तिथे माझा निकाल लेखिकेच्या विरुद्ध आहे. सोलच्या सांगमुन-दोंगमधली एक गल्ली, पाच मित्र, आणि 2015 मधली प्रौढ दक-सन सांगतेय की यांतला एक आता माझा नवरा आहे. कोण, ते सांगत नाही. नोव्हेंबर 2015 ते जानेवारी 2016 असे वीस भाग कोरिया दोन तटांत विभागला होता. ‘नवरा शेवटी र्यु जुन-योलच’ (जंग-ह्वानचा नट) याचं लघुरूप ‘ऑनामर्यु’, आणि तेकवाल्यांचं ‘ऑनामतेक’. शेवटी नवरा निघाला तेक, बुद्धिबळासारख्या बदुक खेळातला अबोल विजेता. तोवर केबल वाहिन्यांवरच्या मालिकांनी न पाहिलेली 18 टक्क्यांवरची प्रेक्षकसंख्या शेवटच्या भागाला मिळाली, आणि तेवढाच संतापही.

तक्ता लावा. तेकचं मन मित्रांना कळतं तेव्हा जंग-ह्वान स्वतःहून मागे सरकतो. पुढे जंग-ह्वानचं मन तेकला कळतं, तेव्हा तेक मागे सरकतो आणि दक-सनबरोबर ठरवलेला सिनेमा रद्द करतो. दोघेही मैत्रीपायी गप्प. मग मैफिलीच्या रात्री जंग-ह्वान दक-सनसाठी गाडी हाकत येतो, सिग्नल लाल लागत जातात, तो पोहोचतो तेव्हा तेक आधीच दारात उभा: सामना सोडून आलेला. जंग-ह्वानच्या मनातलं बोलणं आपल्याला ऐकू येतं, की दोष सिग्नलचा नव्हता, आपल्या कचरण्याचा होता. म्हणजे जंग-ह्वानवर अन्याय नशिबाने केला असं खुद्द जंग-ह्वानच म्हणत नाही.

मग प्रेक्षक का चिडले? कारण ज्याच्या डोळ्यांनी गोष्ट दिसते त्याच्यावर आपला जीव जडतो, आणि दहा-बारा भाग आपण जंग-ह्वानच्या डोळ्यांनी दक-सनला पाहत होतो. गर्दीच्या बसमध्ये तिच्याभोवती हात रोवून उभा राहणारा तो, ‘नको जाऊस’ एवढंच म्हणणारा तो. तेकचं अंतरंग मात्र झाकून ठेवावं लागलं, नाहीतर कोडं फुटलं असतं. आणि सगळ्यात मोठी झळ बसली दक-सनला. नवरा कोण हे लपवायचं म्हणून तिच्या मनातलंच लपवावं लागलं. ती मधली मुलगी. वाढदिवस थोरल्या बहिणीच्या केकवर उरकायचा, तळलेलं अंडं थोरलीला आणि धाकट्याला. कुणी आपल्याला पसंत करतंय असं मैत्रिणींनी सांगितलं की ती त्याच्यावर जीव लावते. आधी सन-ऊ, मग जंग-ह्वान. शेवटी मित्र दोंग-र्योंग तिला विचारतो, तुला कोण आवडतं ते सांग ना. मालिकेतला सर्वांत चांगला प्रश्न! आणि त्याचं उत्तर तिच्या मनात कसं तयार झालं ते आपल्याला जवळजवळ दाखवलंच नाही. कोड्यासाठी नायिका खर्ची पडली. तेक योग्यच होता. त्याच्यापर्यंतचा रस्ता लेखिकेने बांधला नाही. माझी तक्रार एवढीच.

त्याच गल्लीत सन-ऊ आणि दक-सनची थोरली बहीण बोरा यांच्या लग्नाला दोन्हीकडच्या आया का अडतात, हे पुष्कळ परदेशी प्रेक्षकांना कळत नाही. तुम्हाला लगेच कळलं असेल. दोघांचं आडनाव संग, घराण्याचं मूळ गावही एक, आणि एकच आडनाव-एकच मूळ असलेल्यांच्या लग्नाला तिथे कायद्याने बंदी होती. 1997 मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने ती बंदी घटनेशी विसंगत ठरवली, आणि 2005 मध्ये कायदाच बदलला. आपल्याकडे सगोत्र विवाहाला 1946 मध्ये कायद्याने मान्यता मिळाली, तरी पत्रिका बघताना गोत्र विचारणाऱ्या मावशी आजही आहेतच. बोराची आई खलनायिका नाही. तिच्या चौकोनात ‘हे लग्न नोंदवता येईल का’ हा खरा प्रश्न लिहिलेला आहे.

आता तुमचा आणि जाऊबाईंचा वाद. दोघींनी ‘माय मिस्टर’चा शेवटचा भाग पुन्हा लावा आणि फक्त दोन जागा पाहा. पहिली, आजी गेल्यावरचा अंत्यविधी. जिच्या मागे कुणीच नाही अशी ती मुलगी, आणि अख्खी गल्ली येऊन बसते. थोरला भाऊ स्वतःसाठी लपवून ठेवलेले पैसे काढून फुलांची चक्रं मागवतो. दोंग-हूनने तिला काय दिलं असेल तर ही माणसं. दुसरी जागा शेवटची. मधे काळ गेलाय, तो स्वतःची कंपनी काढून बसलाय, ती चांगल्या नोकरीत, मैत्रिणींबरोबर हसतेय. अचानक भेट होते, हात हातात घेतले जातात, आणि ती म्हणते की आता मी तुम्हाला काहीतरी चांगलंचुंगलं जेवायला घालीन. ‘घाला की’ म्हणणारी पोर ती हीच.